दोन वर्षाच्या लेकराला उन्हात बाहेर खेळायला कधी सोडू नये? परभणीत राहतो.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातोच, त्यामुळं सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बाहेर खेळणं बंदच ठेवा, मग लेकरू कितीबी रडो. पण नुसता मोबाईलवरचा आकडा बघू नका, ३५-३६ असला आणि वळवाच्या आधीची दमट उकाड असली तरी त्रास होतो कारण घाम वाळतच नाही. लहान्या लेकरांचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, घाम कमी येतो आणि तहान लागली हे त्यांना सांगता येत नाही, खेळाच्या नादात तर अजिबातच नाही.

बाहेर नेण्याआधी फरशीला किंवा घसरगुंडीच्या पत्र्याला हाताची उलटी बाजू टेकवून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर तिथं लेकरू सोडायचं नाही, पाच वाजले तरी पत्रा गरमच असतो. पत्र्याच्या घरात दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं हे पण ध्यानात असू द्या, तिथं ठेवण्यापेक्षा लिंबाखाली सावलीत बाज टाकलेली बरी, पाणी मात्र दर थोड्या वेळानं पाजत राहा.

लघवी कमी किंवा गडद पिवळी, तोंड कोरडं, रडताना डोळ्यात पाणी नाही, असं दिसलं की लगेच सावलीत आणून घोट घोट ओआरएस द्या. अंग चटके बसल्यागत तापलं आणि लेकरू सुस्त पडलं किंवा उलट्या व्हायल्या तर कपडे काढून ओल्या फडक्यानं पुसत, वारा घालत थेट दवाखाना गाठा, तापाचं औषध पाजून वाट बघू नका, उष्माघातात ते काम करत नाही.