रोजच्या वापरातील गाडीत बोल्टने बसणारा रोल केज सुरक्षितपणे कसा बसवावा?

आपली गाडी मुंबईत रोज वापरायची असून कधीतरी ट्रॅकवर न्यायची आहे, म्हणून धोका आधी सांगतो. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. तो हेल्मेट घातलेल्या आणि हार्नेसने (अनेक पट्ट्यांच्या रेसिंग बेल्टने) आसनाशी घट्ट बांधलेल्या चालकासाठी असतो. साध्या सीटबेल्टमध्ये अपघाताच्या वेळी उघडे डोके त्याच पोलादी नळीवर आदळून जीव जाऊ शकतो, आणि फोम लावल्याने हा धोका पूर्णपणे टळत नाही. त्यामुळे पुढच्या आसनांमागे राहणारा अर्धा केजच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो बसवल्यावर मागे कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये. पडदा एअरबॅगच्या (बाजूच्या खिडक्यांवर छताकडून उघडणाऱ्या एअरबॅगच्या) मार्गात नळी येत असेल, तर केज बसवूच नये.

केजची ताकद खालच्या पत्र्यावर अवलंबून असते. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांनुसार आसनांमागच्या मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी आणि ८.८ या मजबुतीच्या प्रतीचे किमान तीन एम८ (८ मिमी व्यासाचे) बोल्ट लागतात. आपल्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी यांमुळे फ्लोअर कार्पेटखाली गंजतो. म्हणून कार्पेट पूर्ण काढून पत्रा तपासावा आणि कुजलेला भाग बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. भोक पाडण्यापूर्वी खालच्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग पाहावे. पहिल्या काही प्रवासांनंतर बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने बोल्ट आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावे.