इंग्लंडमधील इल्कली मूरवर कोरलेले स्वस्तिक भारतातून तिथे गेले का?

यॉर्कशायरमधील इल्कली मूर या उघड्या माळरानावरील ‘स्वस्तिक स्टोन’ पाहून त्या प्रदेशाचा भारताशी प्राचीन संबंध होता असे म्हणता येईल का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तसे म्हणता येत नाही, कारण ‘स्वस्तिक’ हे नाव कोरणाऱ्यांनी नव्हे, तर आधुनिक काळातील लोकांनी दिलेले आहे.

वुडहाउस क्रॅग या कड्यावरील त्या दगडावर आपण उंबऱ्याशी काढतो तसे काटकोनी स्वस्तिक नाही. दुहेरी रेषेने रेखलेल्या वळणदार भुजा, त्यांच्या आत-बाहेर वाटीसारखे खळगे आणि एका भुजेपाशी निघालेला आणखी एक आकडा, अशी ती आकृती आहे. शिवाय कठड्याआड जी ठसठशीत आकृती चटकन नजरेत भरते ती नंतर कोरलेली प्रतिकृती असून मूळ काम तिच्या मागे, बरेच झिजलेले आहे. छायाचित्रांवरून मत बनवणाऱ्यांची इथेच फसगत होते. या स्वस्तिक-आकृतीशी जवळचे साम्य दाखवणाऱ्या आकृत्या उत्तर इटलीतील वाल कामोनिका खोऱ्यात आहेत, आणि त्या लोहयुगातील मानल्या जातात.

मूरवरील इतर दगडांवर मुख्यतः खळगे, त्यांभोवतीची वर्तुळे आणि खोबणी आहेत. हे काम साधारणपणे नवाश्मयुग ते कांस्ययुगाचा आरंभ या काळातील समजले जाते, परंतु कोरलेल्या रेषेत कार्बन कालमापनासाठी सेंद्रिय द्रव्य नसल्यामुळे, दफनात पुन्हा वापरलेल्या कोरीव शिळांसारख्या अप्रत्यक्ष पुराव्यावरच विसंबावे लागते. अर्थाबाबत तर अशा कोरीव दगडांचे अभ्यासक रोनाल्ड मॉरिस यांनी 1979 मध्ये अशा चिन्हांची तब्बल 104 स्पष्टीकरणे नोंदवली होती. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पांत हत्ती किंवा मासा निदान ओळखता तरी येतो; इथे तोही आधार नाही.

मला स्वतःला आकृतीपेक्षा जागेचा विचार अधिक भरवशाचा वाटतो. खडकाच्या नैसर्गिक भेगा आणि उंचवटे अनेकदा रचनेत सामावून घेतलेले दिसतात, आणि बरेच कोरीव दगड दरीकडे दूरवर नजर जाईल अशा उतारावर आहेत. स्वस्तिक स्टोनवरूनही खाली व्हार्फ नदीचे खोरे दिसते. आपण तिथे गेलात तर सूर्य कलता असताना जा, कारण भर दुपारी उथळ खळगे जवळजवळ दिसेनासे होतात, आणि तिरप्या उन्हात तेच सावलीने भरून स्पष्ट उमटतात.