कामाच्या वेळेत टीमने ओपन सोर्सला (ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांना) वेळ द्यावा का, आणि मॅनेजरला ते कसं पटवायचं?

द्यावाच. पण 'दर शुक्रवारी दुपारी ओपन सोर्स' असला नियम काढू नका. रिलीज तोंडावर आलं की पहिला बळी त्या दुपारचाच जातो.

त्यापेक्षा रोजच्या कामातूनच सुरुवात करा. वापरातल्या लायब्ररीत (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमध्ये) बग सापडला की बहुतेक टीम स्वतःचा फोर्क (कोडची वेगळी प्रत) काढतात, पॅच (दुरुस्ती) मारतात आणि मोकळ्या होतात. पुढे मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की तोच पॅच पुन्हा बसवा, कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांमधली टक्कर) सोडवा, टेस्ट चालवा. दर वेळचं झेंगट! तोच बदल अपस्ट्रीममध्ये, म्हणजे मूळ प्रकल्पातच, गेला तर त्रास एकदाच. म्हणून मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवल्याशिवाय त्या कामाचं तिकीट बंद करायचं नाही, एवढं ठरवलं तरी पुष्कळ.

मॅनेजरला 'समाजाचं ऋण' वगैरे सांगू नका, जोखीम दाखवा. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचं सुरक्षेतलं भगदाड उघड झालं तेव्हा ते ज्यात होतं त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीवर वेबचा मोठा भाग उभा होता आणि सांभाळणारी माणसं मोजकीच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल-कॉम्प्रेशनच्या ओपन सोर्स साधनात बॅकडोअर (मुद्दाम ठेवलेली चोरवाट) सापडलं. ते घालणाऱ्याने थकलेल्या मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) मदत करत करतच विश्वास कमावला होता.

नवी फीचर्स पाठवायची घाई नको. मेंटेनरला खरी गरज असते ती बग पुन्हा घडवून दाखवणाऱ्याची आणि साचलेल्या पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याची. आणि हो, पाठवलेल्या कोडचा कॉपीराइट कोणाचा, हे आधी लीगलकडून लेखी घ्या.