ब्लड टेस्टवरून माणूस किती जगणार ते आधी कळतं का?

तुम्ही विचारलंय की ६८ वर्षांच्या सासऱ्यांसाठी फुल बॉडी पॅकेज घ्यावं का, पुढचं सगळं आधीच कळतं का. नाही कळत. जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं कुळागर (सुपारीची बाग) गोव्यात फोंड्याजवळ. बाबा ७१ चे, सुपारीला पाणी अजून स्वतः सोडतात. दादाने दुबईतून पॅकेज बुक केलं, ७०-८० टेस्ट, त्यात पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन) आला ७.२, लॅबची मर्यादा ४. लाल आकडा बघून दादाने फोनवरच कॅन्सर ठरवून टाकला. मी कंठशोष करून सांगत होतो की बाबांचं लघवीचं इन्फेक्शन आत्ता कुठे बरं झालंय, त्यानेपण पीएसए चढतो, नुसती प्रोस्टेट वाढली तरी चढतो, सहा-आठ आठवडे थांबून परत करूया. तर म्हणे, तू काय डॉक्टर लागून गेलास? झाली बायोप्सी, म्हणजे प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासणी. कॅन्सर नाही, नुसती वाढलेली प्रोस्टेट, वर तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आणि पाच दिवस ॲडमिट. चवथ (गणेशचतुर्थी) त्यातच गेली, आरतीला घुमट (आमचं मातीचं चर्मवाद्य) वाजवायला घरात कोण नाही (माझा हात बसत नाही). डिसेंबरात पीएसए परत केला, ३.१.

१९७० साली पीएसए शोधलेल्या रिचर्ड ॲब्लिननीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलंय की सरसकट तपासणीने लोकांचं नुकसानच झालं. दादाला पाठवलं, निळी टिक आली, उत्तर नाही.

मरणाचं म्हणाल तर २०१४ मध्ये एस्टोनिया-फिनलंडच्या १७ हजारांवर लोकांचं रक्त तपासून मरणाचा धोका दाखवणारे चार मार्कर काढले, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन त्यातलाच एक. एस्टोनियात सगळ्यात वाईट स्कोअरच्या गटात पाच वर्षांत मरण्याचं प्रमाण सगळ्यात चांगल्या गटाच्या १९ पट. ऐकून धडकी भरते, पण त्या वाईट गटातपण १०० तले साधारण १५ च गेले, ८५ होतेच की! तुमचे सासरे त्या १५ त की ८५ त ते रक्त सांगत नाही.

आता हेपण खरं की माझा स्वतःचा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.९ निघाला तो असाच, काही त्रास नसताना, आणि वेळेत गोळी सुरू झाली. त्यामुळे शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल जरूर करा. घरात प्रोस्टेटचा कॅन्सर कोणाला झालेला असेल तर पीएसएचं डॉक्टरशी बोला, माझं ऐकून सोडू नका.

दादाने आता बाबांसाठी 'बायोलॉजिकल एज'ची (शरीराचं वय किती ते सांगणारी म्हणे) टेस्ट बघून ठेवलीय. दादा, वाचत असशील तर कॅन्सल कर, आणि यंदा चवथीला तू ये, घुमट तुला येतं.