बीटची जेली घट्ट होत नाही, पाकच होतो. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बीट उकडून गाळलं, त्या पाण्यात साखर घालून बराच वेळ आटवलं, तरी बाटलीत लाल पाकच राहिला. राहणारच. अजून आटवलंत तर चिक्कीचा पाक होईल, जेली नाही.

जेलीला पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा पदार्थ), आंबटपणा आणि भरपूर साखर, तिन्ही एकदम लागतात. बीटमध्ये जेली धरून ठेवेल असं पेक्टिन नाही आणि आंबटपणा तर नावालाच. बीटचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) 5.3 ते 6.6, जेली जमते 3 च्या आसपास. म्हणून बीटकडून रंग आणि चव तेवढी घ्यायची, जमवण्याचं काम दुसऱ्या फळाला द्यायचं. परदेशी कृतींत पेक्टिनची पुडी घालतात. आमच्या कोकणात, वेंगुर्ल्याकडे ती कुठल्या दुकानात शोधणार? पण परसात पेरू असतो, आणि चैत्रात हिरवी करवंदं असतात. दोन्हींत पेक्टिन भरपूर. बीट मात्र इथे घाटावरूनच येतं. लहान, टणक बघून घ्या.

अर्धा किलो पेरू घ्या, पूर्ण पिकलेले नकोत. फोडी करून त्या बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास मंद शिजवा आणि पंच्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. (पाहुणे येणार नसतील तर गढूळ जेलीही चवीला तीच लागते.) बीटची साल मात्र जाड काढा. बीटला जो मातकट वास असतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि सालीत ते जास्त असतं. मिरगाच्या पहिल्या सरीला मातीतून येणारा वास याचाच. तिथे बरा वाटतो, पावावर नाही. आंबटात हे द्रव्य मोडतं, म्हणून लिंबाने हा वासही पुष्कळ कमी होतो. पातळ चकत्या करून थोड्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, पाणी गाळून घ्या. उरलेल्या चकत्यांची दह्यातली कोशिंबीर होते.

आता दोन वाट्या पेरूचं पाणी, एक वाटी बीटचं, सव्वादोन वाट्या साखर आणि पाव वाटी लिंबाचा रस. एका वेळी यापेक्षा जास्त घेऊ नका. बीटचा रंग उष्णतेने मरतो, रेंगाळत आटवलं की विटकरी होतो. पसरट पातेलं, मोठी आच, भराभर उकळी. घरात थर्मामीटर असेल तर 105 अंशांना बंद करा. आपण समुद्रसपाटीला राहतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा चालतो. नसेल तर फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला. सुरकुती पडली की झालं. गरम असताना पातळच दिसेल, घाबरून पुन्हा गॅसवर चढवू नका.

लिंबाऐवजी कोकमाचं आगळ (घट्ट रस) घालू का, असंही विचारलंय. विकतच्या आगळात मीठ असतं, जेली खारट होईल. एप्रिल-मेमध्ये ताजे रातांबे (कोकमाची फळं) मिळाले तर त्यांच्या सालींचा रस जरूर घाला, रंगही खुलतो.

मुलांसाठी वाटीत हलणारी जेली हवी असेल तर एवढा खटाटोप नको. चायना ग्रास वापरा, 10 ग्रॅम साधारण पाऊण लिटर रसाला. आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, लिंबू गॅस बंद केल्यावर घाला. आंबटात उकळलं तर ते सैल पडतं. जिलेटिनची जेली मात्र आपल्या मे महिन्यात टेबलावरच वितळते. चायना ग्रासचं तसं होत नाही.

टिकण्याबद्दल मी थोडी कडक आहे. बीट कमी आंबट, जमिनीतलं कंद. लिंबू कमी करून, हवाबंद बाटलीत भरून फळीवर ठेवलंत तर बोटुलिझमचा (जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचा) धोका असतो. त्याचे जंतू पीएच 4.6 च्या खाली वाढत नाहीत, म्हणून लिंबात कंजूषी नको. आणि घरी पीएच कोण मोजतंय, तेव्हा बाटली सरळ फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. पावसाळ्यात चमचा कोरडा हवा, नाहीतर आठवड्यात बुरशी. बुरशी आली तर वरचा थर काढून उरलेली खाऊ नका, अख्खी बाटली टाका.

दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर घाबरू नका. काहींना बीटने तसं होतं.