पाणी परासरणाने आपोआप आत शिरते, तर जुलाबात मीठ-साखर कशाला घालायची?

आपण विचारलेला प्रश्न मी नववीच्या वर्गात अनेक वर्षे टाळत आले आणि ज्या दिवशी घरातच त्याचे उत्तर द्यायची वेळ आली, त्या दिवशी मला तो धड मांडता आला नाही.

मे महिन्यात सगळे गावी जमलो असताना मोठ्या भाऊजींच्या पाच वर्षांच्या मुलीला पहाटेपासून जुलाब सुरू झाले. मी मीठ-साखरेचे पाणी करायला घेतले, तेव्हा "मिठाने तहान वाढते, तुझे विज्ञान शाळेत ठेव," असे सुनावून भाऊजींनी पेलाभर पाण्यात चार शिगोशीग चमचे ग्लुकोज कालवले आणि अंगात ताकद यावी म्हणून तासातासाने तेच पाजले. दुपारी तिचे डोळे खोल गेले आणि तालुक्याला नेऊन सलाईन लावावे लागले.

पाणी परासरणानेच, म्हणजे पडद्यातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे, जाते, पण कोणत्या दिशेने, हे त्यात विरघळलेले पदार्थ ठरवतात. भाऊजींचे पाणी रक्ताच्या मानाने अतिपरासारी, म्हणजे जास्त दाट, होते, म्हणून ते शोषले जाण्याऐवजी अंगातलेच पाणी आतड्यात उतरत राहिले. लहान आतड्याच्या पेशीपटलात एक वाहक प्रथिन असते. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू एकदमच आत घेते, पेशीच्या दुसऱ्या अंगाचा पंप ऊर्जा खर्चून ते सोडियम रक्ताकडे टाकतो आणि पाणी त्यामागोमाग जाते. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग येथे मांडली. पटकीच्या (कॉलराच्या) विषाने पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकू लागतात, तरी हा वाहक शाबूत राहतो. म्हणूनच 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेश युद्धामुळे आलेल्या, पटकी झालेल्या निर्वासितांवर उपचार करताना सलाईन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले आणि सुमारे 30 टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आले.

तेव्हा मीठ हवेच, साखर हवीच, आणि दोन्ही मापातच हवीत: लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा. नुसती ग्लुकोजची भुकटी हे जुलाबावरचे औषध नव्हे, डब्यावर काहीही छापलेले असो. ओआरएसचे (जलसंजीवनीचे) तयार पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे, कारण त्यात पोटॅशियमही असते. मीठ जास्त झाले तर लहान मुलांना अपाय होतो, आणि शौचातून रक्त पडत असेल, मूल मलूल झाले असेल किंवा लघवी थांबली असेल, तर घरगुती पाण्यावर विसंबून न राहता डॉक्टर गाठावेत.

मुलगी सलाईनने बरी झाली, मिठाने नव्हे, असे भाऊजी अजूनही सांगतात. तिला लावलेल्या त्या साध्या सलाईनमध्ये लिटरमागे 9 ग्रॅम मीठच असते.