वाचक विचारतात : बोनस वेगळा, पगारवाढ वेगळी

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिक चटईचा कारखाना आहे, ४२ माणसं. दिवाळीला बोनस देतानाच सुपरवायझरला विचारून पगारवाढ ठरवतो. यंदा दोन चांगले लूम (माग) ऑपरेटर ‘इथं पुढं काही नाही’ म्हणून सोडून गेले. मूल्यमापनाची पद्धत कशी बसवावी?

उत्तर : आधी बोनस यातून बाहेर काढा. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने हक्कच आहे. पगारवाढ एप्रिलमध्ये, दिवाळीपासून लांब ठेवा.

मग दोन कागद करा : माणसाला काय काय येतं, आणि वर्षभर त्यानं काम कसं केलं. तुमचे ऑपरेटर गेले ते पहिला कागद नव्हता म्हणून. भिंतीवर तक्ता लावा. डावीकडे नावं, वर कामं : एक्स्ट्रूडर (दाणे वितळवून चटईची नळी काढणारं यंत्र), लूम, कटिंग, शिलाई, पॅकिंग. चौकोनात १ म्हणजे शिकतोय, २ लक्ष ठेवलं तर जमतं, ३ एकट्यानं करतो, ४ दुसऱ्याला शिकवतो. आकडा कुणाच्या शब्दावर नको, चाचणीवर चढवा. लूमच्या ३ साठी तुटलेला धागा जोडणं, डिझाइन बदलणं आणि एक पूर्ण पाळी मदतीशिवाय काढणं, एवढं पुरे.

प्रत्येक पायरीला ठरलेली रक्कम हवी. महिना ८०० रुपये धरले आणि दहा जण एकेक पायरी चढले, तर वर्षाला ९६,००० रुपये. भविष्यनिधीचा (पीएफ) तुमचा वाटा वेगळा. झेपेल तोच आकडा जाहीर करा. एकदा मागे घेतलात की तक्त्याकडे कुणी बघणार नाही. आणि ४ वर पोचलेल्याला सुपरवायझर करायलाच हवं असं नाही. ज्येष्ठ ऑपरेटर म्हणून सुपरवायझरच्या बरोबरीचा पगार द्या, नाहीतर चांगला कारागीर जातो आणि कच्चा साहेब मिळतो.

दुसऱ्या कागदाला १०० गुण : दर्जा ४०, उत्पादन २५, मशीनची निगा २०, हजेरी १५. सगळ्यात जास्त घोळ उत्पादनात होतो. प्लॅस्टिकच्या दाण्यात ओल किंवा कचरा असला की नळी तुटते, वीज गेली की लूम थांबतो. त्याचे गुण ऑपरेटरचे कापणं हा सरळ अन्याय आहे. म्हणून महिन्याचे नग मोजू नका. लूम प्रत्यक्ष चालला त्या तासांनी भागा, आणि थांबण्याचं कारण रजिस्टरात त्याच पाळीत लिहून घ्या. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा पेरणीला आधी सांगून घेतलेली रजा हजेरीतून कापू नये.

गुण देताना शेवटचा महिनाच आठवतो, गाववाल्याकडे हात सैल पडतो. उपाय : सुपरवायझरनं दर शनिवारी प्रत्येकाची एक ओळ वहीत लिहावी, आणि ज्या गुणामागे नोंद नाही तो धरू नये. कामगाराला कागद दाखवा, हरकतीला सात दिवस द्या. ती दुसऱ्या विभागाच्या माणसानं ऐकावी. पहिले तीन महिने फक्त लूम विभागात, पैशाशी न जोडता चालवून बघा.

प्रश्न : मी धुळ्यात शिलाईला नगावर काम करते. माझ्यासारखीला बढती असते का?

उत्तर : ताई, असायला हवी. नगाच्या दरात फक्त वेग मोजला जातो. तीन महिने रोजचे नग आणि परत आलेले नग वहीत लिहा. परतीचं प्रमाण इतरांपेक्षा कमी दिसलं, तर ती वही दाखवून माल तपासणीचं मासिक पगाराचं काम मागा. शिकण्याच्या काळात मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी कमाईइतका पगार मिळेल, हे मात्र आधी लिहून घ्या. नगाचा दरच चालू राहिला तर शिकताना तुमची कमाई बुडेल.